मोहोळ : उसन्या पाण्यावर उभा राहिलेला उद्योग

सप्टेंबर २०२५च्या चौथ्या आठवड्यात सीना नदीला आलेल्या महापुराने सोलापूर जिल्ह्यातील करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर व दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील गावेच्या गावे पाण्याखाली घातली. मोहोळ आणि सोलापूर यांच्या दरम्यान लांबोटीजवळ नदीच्या पाण्याने पुणे-सोलापूर महामार्ग अडविला, तर सोलापूर-विजयपूर मार्गावरील वाहतूकही बंद ठेवावी लागली. उभा ऊस आडवा झाला, गोठ्यातील जनावरे दगावली आणि नदीकाठच्या अनेक शेतांतील काळी माती वाहून जाऊन खाली मुरूम उघडा पडला. ज्या नदीचे पात्र उन्हाळ्यात कोरडे असते, ज्या नदीत दुसऱ्या नदीचे पाणी सोडावे म्हणून गावोगावी मागणी होते, त्याच नदीने हे घडविले. या विरोधाभासाचा अर्थ लावल्याखेरीज मोहोळची आजची स्थिती समजणार नाही.

मोहोळ हे सोलापूरपासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर असलेले तालुक्याचे ठिकाण. नागनाथाचे मोहोळ म्हणून ते पूर्वापार ओळखले जाते. मुंबईहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला, तेव्हापासून मोहोळ या मार्गावर आहे. संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग म्हणून रुंद झालेला राष्ट्रीय महामार्ग पंढरपूरहून पुढे येऊन येथेच पुणे-सोलापूर महामार्गाला मिळतो. रेल्वे आणि दोन महामार्ग एकत्र आल्यामुळे उद्योगधंद्याला येथे स्वाभाविक अनुकूलता लाभली. सोलापूरच्या दिशेला, तालुक्याच्या हद्दीत, चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. तेथे औषधांचा कच्चा माल, रसायने आणि कापड तयार होते. तालुक्याच्या इतर भागांत टाकळी सिकंदर, अनगर आणि वटवटे येथे साखर कारखाने आहेत. खुद्द मोहोळ शहर सीनेच्या काठावर वसलेले नाही. परंतु त्याचे अर्थकारण मात्र सर्वार्थाने नदीकाठचे आहे. बाजारपेठेतील उलाढाल, ट्रॅक्टरचे हप्ते, मुलांच्या शिक्षणाचा खर्च, लग्नकार्ये या सर्वांचे वेळापत्रक उसाच्या बिलावर, म्हणजेच पर्यायाने पाण्यावर ठरते.

ज्वारीच्या गावाचा कायापालट

आज उसामुळे ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्याने देशाला दिलेली खरी देणगी वेगळीच आहे. रब्बी ज्वारीचे ‘मालदांडी ३५-१’ हे प्रसिद्ध वाण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोहोळ येथील संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडले गेले. कित्येक दशके लोटली, अनेक नवीन वाणे आली, तरी दख्खनच्या पठारावर मालदांडीचे स्थान टिकून आहे. केंद्र शासन दरवर्षी किमान आधारभूत किमती जाहीर करते. त्या यादीत ज्वारीच्या दोन नोंदी असतात, एक संकरित आणि दुसरी मालदांडी. देशाच्या भावफलकावर एका स्थानिक वाणाला असा स्वतंत्र मान मिळावा, ही मोहोळसाठी अभिमानाची बाब आहे.

मालदांडीचे वैशिष्ट्य तिच्या काटकपणात आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बराच भाग परतीचा. हा पाऊस भारी काळ्या जमिनीत मुरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली ज्वारी त्या मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतील दवावर वाढते व फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीस येते. धान्याने घरची भाकरी भागते आणि कडब्यावर जनावरे जगतात. येथील पावसाच्या स्वभावाशी जुळवून घेणारी अशी ही शेती होती. तिने कोणाला श्रीमंत केले नाही, परंतु तिला दूरच्या धरणाकडेही पाहावे लागत नसे.

तिची जागा उसाने का घेतली, हे समजून घेण्यासाठी साधा हिशेब पुरेसा आहे. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,७४९ रुपये आहे. कोरडवाहू एकरात पाच क्विंटल धान्य झाले असे धरले, तर शेतकऱ्याच्या हाती सुमारे १८,७०० रुपये आणि कडबा पडतो. त्याच हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरला आहे. एकरी चाळीस टन ऊस निघाला असे धरले, तर तोडणी-वाहतुकीची कपात होण्यापूर्वी ही रक्कम १,४२,००० रुपये होते. ऊस शेतात वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ उभा राहतो, खर्चही मोठा होतो. तथापि हा फरक एवढा आहे की पाणी मिळण्याची शक्यता असलेला कोणताही शेतकरी उसाकडेच वळेल. शिवाय उसाला ठरलेला ग्राहक आहे. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. हा नियम वारंवार मोडला जातो हे खरे. पण ज्वारीच्या बाबतीत असा नियमच नाही. म्हणून ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यास लोभी ठरविणे अन्यायाचे होईल. तो व्यवस्थेने दाखविलेल्या मार्गानेच चालला आहे.

पाणी कोठून आले?

उसाला लागणारे पाणी मोहोळच्या आभाळातून पडत नाही, ते आणावे लागले. भीमा नदीवर उजनी येथे १९८० मध्ये धरण पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यापैकी जवळपास ५४ टीएमसी साठा उपयुक्त मानला जातो. उजनीचे कालवे, भीमा-सीना जोड बोगदा, उपसा सिंचन योजना आणि सीना नदीवर ठिकठिकाणी बांधलेले कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे या मार्गांनी हे पाणी जिल्ह्यात फिरते. मोहोळ तालुक्यातील आष्टीचा तलाव तर एकोणिसाव्या शतकातील आहे. इंग्रजी अमदानीत दुष्काळी मुलखाच्या रक्षणासाठी बांधलेला हा तलाव आता उजनीच्या जाळ्याचा भाग झाला आहे.

या व्यवस्थेमुळे पिढ्यान् पिढ्या दुष्काळ भोगलेल्या गावांत पैसा आला, पक्की घरे उभी राहिली, मुले शिकली. हे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु तिचा पाया उसना आहे. उजनी भरते ती पुणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाने. तो पाऊस कमी झाला अथवा वरच्या धरणांनी पाणी अडविले, की सोलापूरच्या वाट्याला प्रतीक्षा येते. २०१२-१३च्या दुष्काळात वरच्या धरणांतून उजनीत पाणी सोडावे, या मागणीसाठी सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी कार्यकर्ते मुंबईच्या आझाद मैदानावर कित्येक आठवडे उपोषणास बसले होते. २०१५-१६, २०१८-१९ आणि पुन्हा २०२३-२४ मध्ये उजनीचा साठा उणे झाला, म्हणजे उपयुक्त साठा संपून तळातील मृत साठ्यावर गुजराण करावी लागली.

आणखी एक बाब सहसा चर्चेत येत नाही. मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्या पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील नागरी व औद्योगिक सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात. ते सर्व उजनीच्या जलाशयात साठते. पुण्याच्या भरभराटीचा जो भाग पुण्याला नको असतो, तो सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला येतो. मोहोळ तालुक्यातही हाच क्रम लहान प्रमाणात पाहावयास मिळतो. साखर कारखाने व आसवनी यांतील मळीचे पाणी असो वा रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी, त्याची विल्हेवाट नीट न लागल्यास खालच्या गावातील विहिरी व ओढे त्याची किंमत मोजतात. प्रवाहात आपल्यापेक्षा वर कोण आहे याची तक्रार प्रत्येक जण करतो. आपल्या खाली कोण आहे, हा प्रश्न फार थोडे जण विचारतात.

कारखान्यामागची माणसे

उद्योगनगरीचे वर्णन धुराडी व उलाढालीच्या आकड्यांवर संपत नाही. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला, की बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. म्हणजे बाईचे श्रम मोजले जातात, पण स्वतंत्रपणे नव्हे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली ‘उचल’ फेडण्यासाठी सहा महिने राबायचे, ती फिटली नाही तर पुढल्या वर्षी पुन्हा यायचे. शेताच्या कडेला उभारलेल्या पालांत शौचालय नसते, पिण्याचे शुद्ध पाणी नसते. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये चिंताजनक असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, तेव्हा राज्य हादरले व शासनाने चौकशी समिती नेमली. पाळीच्या दिवसांत काम चुकले तर दंड होतो, या भीतीने स्त्रिया हा मार्ग पत्करतात, हे वास्तव त्यातून पुढे आले. पुढे ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ स्थापन झाले. परंतु महामंडळाचा लाभ ओळखपत्रावर मिळतो आणि ओळखपत्र गावी राहणाऱ्यास मिळते. जो वर्षातील निम्मा काळ परमुलखात पालात असतो, त्याच्यापर्यंत ते पोहोचविणे हे खरे काम आहे.

औद्योगिक वसाहतीतील कामगारांची स्थिती वेगळी असली तरी त्यांचा प्रश्न याच जातीचा आहे. सोलापूरच्या जुन्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि हजारो कुटुंबांचा कायम नोकरीचा आधार गेला. त्यानंतर आलेल्या उद्योगांत कायम कामगार थोडे व कंत्राटी कामगार अधिक, असा सर्वत्रचाच प्रघात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. प्रत्येक कामगारास नियुक्तिपत्र देणे त्यांत बंधनकारक केले आहे. रसायनांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या कागदाचे महत्त्व मोठे आहे, कारण तो त्या कारखान्यात कामाला होता याचा पुरावाच नसेल, तर अपघात वा आजारपणात भरपाई मागायची कोणाकडे? कायदा झाला, ही सुरुवात आहे. तो चिंचोळीच्या फाटकावर किती पाळला जातो, यावर त्याचे मोल ठरेल.

पुराने विचारलेला प्रश्न

आता पुन्हा महापुराकडे वळू. अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावणारी सीना मोहोळ तालुका ओलांडून दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते. हाच तो संगम, जेथील शिलालेख मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. २०२५च्या पावसाळ्यात तिच्या खोऱ्यात व धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी ही धरणे भरून वाहू लागली आणि त्यांचे विसर्ग एकाच वेळी नदीत आले. हवामान बदलाच्या काळात थोड्या तासांत पुष्कळ पाऊस पडण्याचे प्रसंग वाढतील, असे शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. म्हणून पावसाला दोष देऊन थांबणे सोपे आहे. परंतु पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नसले, तरी त्या पाण्याला वाहावयास जागा किती ठेवावी हे आपल्या हाती होते.

वर्षानुवर्षे कोरड्या राहिलेल्या नदीची भीती माणसाला उरत नाही. पात्राच्या कडेपर्यंत ऊस लागला. वेड्या बाभळी वाढल्या. वाळूउपशाने काठ ढासळले. बंधाऱ्यांचे बर्गे वेळेवर काढले गेले नाहीत, तर त्यांत अडकलेला गाळ व काडीकचरा प्रवाह अडवितो आणि पाणी बाजूची जमीन फोडून वाट काढते. जलसंपदा विभागाच्या नियमांत निळी व लाल अशा दोन पूररेषा आखण्याची तरतूद आहे. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र सुमारे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी मोकळे ठेवावयाचे, तर निळ्या व लाल रेषांमधील पट्ट्यात, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा विचार करून, बंधने पाळावयाची. मोठ्या शहरांच्या बांधकाम परवान्यांत या रेषांची चर्चा होते. ग्रामीण नद्यांच्या काठी मात्र त्या सामान्य माणसाच्या गावीही नसतात. आपण नदीकडे पाणी वाहून आणणारा कालवा म्हणून पाहिले, आणि कालव्याला पूर येत नसतो असा आपला समज झाला.

राज्य शासनाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी अतिवृष्टी व पूरग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून तीन लाख रुपयांपर्यंतची कामे, असे तिचे स्वरूप सांगण्यात आले. ही मदत आवश्यकच होती. परंतु काळ्या मातीचा एक थर तयार व्हावयास शेकडो वर्षे लागतात. धरणाचा गाळ आणून पसरला, तरी ती जमीन पूर्वीसारखी होण्यास अनेक हंगाम जातात. आणि ज्यांच्या नावावर जमीनच नाही, त्या शेतमजुरांचे बुडालेले दिवस कोणत्या पंचनाम्यात लिहिले जातात?

पुढील वाट

मोहोळने उद्योग सोडावा अथवा ऊस उपटून टाकावा, असे कोणी म्हणणार नाही. उसाच्या अर्थकारणाचा पायाही मात्र दिसतो तेवढा भक्कम नाही. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली व पुढे अनेक वर्षे ती तेथेच राहिली. उसाचा दर मात्र वाढत गेला. इथेनॉलने कारखान्यांना आधार दिला, पण डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठले. दिल्लीतील एका आदेशाने हंगामाचे गणित बदलते, हे मोहोळच्या शेतकऱ्याने पाहिले आहे. सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा आहे. तीसहून अधिक कारखाने त्याच पाण्यावर वाढणाऱ्या उसासाठी स्पर्धा करतात.

अशा स्थितीत काही गोष्टी तातडीने करण्याजोग्या आहेत. उसासाठी ठिबक सिंचन सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये घेतला होता. तो कागदावरून शेतात यावयास हवा, आणि त्याचा आरंभ ज्यांचे ऊसक्षेत्र मोठे आहे त्यांच्यापासून व्हावयास हवा. सीनेच्या दोन्ही काठांवर पूररेषा आखून त्यांचे दगड गावकऱ्यांच्या देखत रोवले जावेत. धरणातून विसर्ग वाढविताना खालच्या गावांना सूचना देणारी यंत्रणा तीन जिल्ह्यांसाठी एकच असावी, कारण नदी जिल्ह्याची हद्द ओळखत नाही. कारखान्यांच्या सांडपाण्याची तपासणी केवळ कार्यालयात न राहता त्याचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. ऊसतोड कामगारांच्या तळावर पाणी, शौचालय आणि मुलांसाठी शिक्षक यांची तरतूद ही कारखान्याच्या परवान्याचीच अट व्हावी.

आणि ज्वारीचाही विचार व्हावा. ज्या वाणाचे नाव देशाच्या भावफलकावर आहे, त्याची खरेदी करणारे केंद्र ज्वारी बाजारात येते तेव्हा उघडे असावे, एवढी साधी अपेक्षा आहे. शाळांच्या पोषण आहारात आणि शिधावाटपात ज्वारीला कायमची जागा मिळाली, तर कोरडवाहू शेतकऱ्यालाही ठरलेला ग्राहक मिळेल. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, सभा झाल्या, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. पण तालुक्याच्या पीकरचनेवर त्याचा ठसा उमटावयाचा तर तो हमीच्या खरेदीनेच उमटेल.

पाणी किती आणता येईल, या एकाच प्रश्नाभोवती मोहोळचे राजकारण व अर्थकारण आजवर फिरत आले. आलेल्या पाण्यात कोणाचा वाटा किती, ते वापरून झाल्यावर खालच्या माणसाकडे कोणत्या अवस्थेत जाते आणि नदीला स्वतःसाठी किती जागा उरते, हे तीन प्रश्न त्यामुळे मागे पडले. महापुराने ते एका रात्रीत पुढे आणले आहेत. पंचनामे पूर्ण झाले, रस्ते पुन्हा सुरू झाले, १ नोव्हेंबर २०२५ पासून गळीत हंगामही सुरू झाला. चाक फिरू लागले की प्रश्न विसरणे सोपे जाते. सीना उन्हाळ्यात पुन्हा कोरडी पडेल. पूररेषेचे दगड रोवण्यास आणि पात्र मोकळे करण्यास तोच काळ योग्य आहे. तो वाया गेला, तर पुढच्या पुराला आपण नैसर्गिक आपत्ती म्हणू शकणार नाही.